नुसते चौकोन

कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २००९

प्रिय दानू,

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तू पाठवलेला मेसेज मी काल पहिल्यांदा वाचला. माझ्या फोनवर त्या जागी नुसते चौकोन दिसत होते. काल शिवप्रसादच्या मोबाईलच्या दुकानात गेलो, त्यानं तो मेसेज स्वतःच्या जुन्या फोनवर पाठवून घेतला आणि खात्री करून दिली की ते चौकोन म्हणजे तुझी मराठी अक्षरं. ‘आण्णा, आजऱ्याचं स्थळ मला नको. बी.एड. पुरं करायचंय. आप्पांना तू सांग, माझं ते ऐकायचे नाहीत.’ यावर मी तुला ‘ओके’ असं उत्तर पाठवलं होतं. तू त्या ओकेवर विसंबून राहिलीस.

दिवाळीत मी बटणांचा फोन सोडून हा काचेचा घेतला, हे तुला माहीत आहेच. याची जातच वेगळी. जुन्यातलं यात काही चालत नाही, एकेक अ‍ॅप नव्यानं निवडून घ्यावं लागतं. शिवप्रसादनं तेव्हाच बजावलं होतं, “रोजचं लागतंय ते आधी घाल, मिरवायचं मागनं.” मी नेमकं उलटं केलं. टॉर्च घेतला, होकायंत्र घेतलं, पाण्यातला बुडबुडा हलतो तसली, सपाटी बघायची लेव्हल घेतली. कामावर फाउंड्रीत खरी लेव्हल हाताशी असताना मशीनवर फोन ठेवून चार जणांना दाखवत बसलो. मराठी मेसेज वाचता येतो का, हे बघायचं सुचलंच नाही. आपल्या घरात मराठीत मेसेज करणारी तू एकटी. माझ्याच जुन्या फोनवर मी तुला ते टायपिंग शिकवलं होतं. तासभर एका जोडाक्षराशी झगडलीस आणि शेवटी ‘गडहिंग्लज’ जमल्यावर अव्वाला दाखवायला स्वयंपाकघरात पळालीस. तुझे चौकोन आले, तेव्हा मला वाटलं दिवाळीपासून फिरणाऱ्या चिन्हांच्या नक्षीच्या मेसेजपैकीच एक असेल, आणि ओके टाकून मोकळा झालो. एक फोन करून विचारलं असतं तर संपलं असतं. तेवढंही केलं नाही.

आता तू माझा फोन उचलत नाहीस. अव्वा सांगते, तू जेवायला बसतेस पण बोलत नाहीस. तिला वाटतं, सासरी जायच्या विचारानं आपली लेक गप्प झाली. रविवारी लग्न पक्कं करायची सुपारी फोडायची म्हणून आप्पांनी विधीला आपल्या मठातले स्वामी सांगून ठेवलेत, आजऱ्याहून कोण येणार तेही ठरलंय. हे सगळं ऐकताना मला अंग चोरावंसं वाटतं.

कारण चौकोनांवर सगळा दोष ढकलता येत नाही, दानू. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी फोन पाटावर ठेवून लेव्हल दाखवत होतो. मुलाचे सिद्धरामकाका म्हणाले, “पावणं, जरा आमच्या पोराचं डोकं सरळ हाय का बघा की!” सगळे हसले. मीही हसलो, मला ते कौतुक आवडलं. त्याच हशात आप्पांनी विचारलं, “दानू काय म्हणतीया? तुझ्याजवळ बोलली असंल.” तुझं काहीतरी आलंय, एवढंच मला ठाऊक होतं. पण आत्ताच मिरवलेल्या फोनवर तुझ्या मेसेजचे नुसते चौकोन दिसतात, हे त्या बैठकीत बोलायला जीभ वळली नाही. मी म्हणालो, “व्हय, मेसेज आलाय की. पसंत हाय तिला.” तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, लाजली.

म्हणून हे कागदावर लिहितोय. शिवप्रसाद उद्या सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला येतोय, तो हे तुझ्याच हातात देईल. शनिवारी मी येतो, त्याचा जुना फोन घेऊन. आप्पांना तुझा मेसेज वाचून दाखवीन आणि मी काय खोटं बोललो तेही सांगेन. ते आधी माझ्यावर ओरडतील, ओरडू देत. आजऱ्याला कळवायचं काम माझं, सिद्धरामकाकांच्या शिव्याही मीच खाईन. ओरडून झालं की आप्पा तुझ्याकडे वळतील आणि विचारतील. तेव्हा मी तोंड उघडणार नाही. तू बोल.

तुझाच,
आण्णा