न कळवता

बाबा, तिने दार उघडलं, मला पाहिलं, आणि हसायच्या आधी माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं. माझ्यासोबत आणखी कोणी आलंय का, ते बघत असावी. त्या एका नजरेत सगळं बदललं. मग ती म्हणाली, "फोन का नाही केलास?" तिचं ते वाक्य पुढे आठ दिवस डोक्यात घणासारखं वाजत होतं, आणि प्रत्येक वेळी मला राग तिचा नाही, तुमचा येत होता. म्हणून हे तुम्हाला लिहितोय.

ते दार पुएर्तो विएहोचं. कोस्टा रिका नावाच्या देशात, कॅरिबियन समुद्राच्या काठावर हे गाव आहे. ती नेदरलँड्समधल्या हार्लेमची, तिथल्या कॉलेजात माझ्याच वर्गातली. सहा महिने तिथल्या छोट्या शाळेत मुलांना शिकवायला गेली होती. मी तिला सांगितलं होतं की माझी परीक्षा आहे. ती होतीच. फक्त पहिल्या पेपरच्या दिवशी मी विमानात होतो. कॉलेज सुटलं ते असं. आई अजून लोकांना सांगते की मला अभ्यास झेपला नाही. झेपत होता, बाबा. मला फक्त ती दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं, आणि तुम्ही शिकवलेलं एक वाक्य कानात होतं: आपल्या माणसाकडे जायला वेळ घ्यावी लागत असेल तर ते माणूस आपलं नाही.

तुमचं सगळं आयुष्य त्या वाक्यावर चाललं. शेतीपंपांचे विक्रेते तुम्ही, महिन्यातले पंधरा दिवस एसटीत. पण लॉजवर कधी उतरला नाहीत. लॉजवर राहणं म्हणजे त्या गावात आपलं कोणी नाही हे कबूल करणं, असं म्हणायचात. सातवीच्या सुट्टीत मला बरोबर घेऊन गेलात ते आठवतं? कुंभार्ली घाट उतरून आपण चिपळूणला तुमच्या मित्राच्या दारात उभे, हातात पेढ्यांचा पुडा. मी अंगणात पाय धुतोय, तुम्ही पायरीवर बूट सोडताय, आणि आतून काकूंचा आवाज येतो, "परत आले का हे? आता पोरगंही आणलंय. काय घालू मी दोघांना खायला?" मी तुमच्याकडे बघतो. तुम्ही ऐकलंय. बुटाची नाडी धरलेला तुमचा हात थांबलाय. आणि मग तुम्ही मोठ्याने हसता आणि ओरडता, "वहिनी, नुसता चहासुद्धा चालेल हं!" काकू पदराला हात पुसत बाहेर येतात, "अहो, असं काय, या ना!" संध्याकाळी थालीपीठ, लोणी, काकांच्या गप्पा. परतीच्या गाडीत तुम्ही मला म्हणालात, "बघितलंस? न कळवता गेलं की माणसं खरी भेटतात." मी मान हलवली. बारा वर्षांचा होतो, तुमचं हसणं मला त्या नाडीवरच्या हातापेक्षा खरं वाटलं.

नेदरलँड्समध्ये आलो तेव्हा हेच वाक्य घेऊन आलो. इथे बहिणीकडे जायलासुद्धा माणसं डायऱ्या उघडतात. एका रविवारी संध्याकाळी सहाला मी हार्लेमला तिच्या आईवडिलांच्या घरी जाऊन बेल वाजवली. तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "आम्ही आता जेवायला बसतोय." आपल्याकडे हे कानावर पडलं की माणूस हात धुवायला जातो. मीही गेलो. परत आलो तर पाचवी खुर्ची आणायची धावपळ. बटाटे माणशी मोजून उकडलेले. तिच्या वडिलांनी काही न बोलता स्वतःच्या ताटातले दोन माझ्या ताटात ठेवले. स्टेशनवर सोडायला आली तेव्हा ती इतकी हसली की सायकलवरून उतरावं लागलं. "तू वेडा आहेस. असं कोणी येतं का?" म्हणाली आणि भर रस्त्यात माझा मुका घेतला. महिनाभर ती ही गोष्ट सगळ्यांना सांगत होती. मला वाटलं, बाबा बरोबर होते. मी तेव्हा खूश होतो. आता कळतं, ती गोष्ट एकदाच सांगण्यासारखी होती.

सान होजे ही कोस्टा रिकाची राजधानी. तिथून बस पकडली. मांडीवर मामीचा स्टीलचा डबा, त्यात नारळाच्या वड्या. नेदरलँड्समध्येच झूटरमेरला राहणाऱ्या मामीने त्या माझ्या परीक्षेसाठी केल्या होत्या, "पेपरला जाताना तोंड गोड कर रे." शहर सुटलं आणि बस ढगात शिरली. एक बोगदा, मग उतार, दोन्ही बाजूंना छत्रीएवढी पानं, काचेवर पाणी. एका ठिकाणी पिवळी गढूळ नदी आणि स्वच्छ नदी एकमेकींत मिसळत होत्या, आणि ड्रायव्हर पुलावर मोबाइलवर बोलत होता. खाली सपाटीवर मैलोन् मैल केळी, प्रत्येक घडाला निळी प्लास्टिकची पिशवी. मी सारखा तुम्हाला दाखवत होतो, बाबा. हे बघा, ते बघा. चिपळूणची गाडी आणि ही गाडी यांच्यात मला काहीच फरक वाटत नव्हता, इतका मी मूर्ख.

शेजारी एक काळे आजोबा बसले होते, राजधानीत डोळे दाखवून गावी परत निघालेले. त्या किनाऱ्यावरचे जुने लोक आपापसात इंग्रजी बोलतात.

"कुठे रे पोरा?"

"पुएर्तो विएहो."

"कोण आहे तिथे?"

"माझी मैत्रीण."

"कळवलंयस तिला?"

"नाही."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "मग आज तिथली कोंबडी मेलीच म्हणायची!" मी त्यांना वडी दिली. त्यांनी खाल्ली, बोटं चाटली आणि विचारलं, "आमच्या गावात नारळ कमी पडतात म्हणून घेऊन आलास होय?" पुढे लिमोन आलं, बंदरातले कंटेनर, मग डावीकडे समुद्र आणि उजवीकडे नीरफणस. खरंच नीरफणस, तुम्हाला ज्याची कापं आवडायची तोच. आजोबा कावीताला उतरले, पुएर्तो विएहोच्या थोडं अलीकडे. उतरताना म्हणाले, "पुलापलीकडचं निळं घर. ती घरी नसली तर ये."

ती घरी होती. तेच सांगतोय मघापासून. लाकडी घर, आत टेबलाभोवती तिच्यासारखेच शिकवायला आलेले चारपाच जण, ताटं मांडलेली. मी डबा पुढे केला. तिने तो घेतला नाही. म्हणाली, "मी इथे एकटी राहायला आले होते. सगळ्यांपासून लांब. तुझ्यापासूनसुद्धा. यायच्या आधी एकदा विचारावंसं नाही वाटलं तुला?"

माझं डोकं फिरलं. "विचारून यायला मी काय मीटर बघणारा आहे?"

"मीटर बघणारा आधी कळवतो," ती म्हणाली.

आतून कोणीतरी खुर्ची सरकवली. ती मागे वळली, परत माझ्याकडे वळली, आणि अगदी हळू आवाजात, माझी कीव आल्यासारखं म्हणाली, "आम्ही आता जेवायला बसतोय." तिच्या आईचंच वाक्य. या वेळी मी हात धुवायला गेलो नाही. डबा पायरीवर आपटला, रेनकोट कठड्यावर टाकला होता तो तिथेच राहिला, आणि फाटक इतक्या जोरात लावलं की शेजारचं कुत्रं भुंकत रस्त्यावर आलं. समुद्रावर बदामाची झाडं होती. त्यांच्याखाली बसलो. मोठ्याने मराठीत शिव्या दिल्या, तिला, तुम्हाला. कोणाला कळणार होत्या?

पैसे फार नव्हते, म्हणून त्याच बसने मागे कावीताला गेलो. पूल, निळं घर. आजोबांच्या बायकोने मला पाहिलं, "नव्हती होय घरी?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढलं. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात आणि नीरफणसाची तळलेली कापं. मी आधी कापंच खाल्ली. आजोबा कौतुकाने बघत होते. आणि मला चीड येत होती, बाबा, कारण तुमचं वाक्य तिथे खरं होतं. जिथे मला कोणी नको होतं तिथे खरं होतं. जिथे माझा जीव अडकला होता त्या एका दारात ते खोटं ठरलं. तुम्हाला माहीत होतं की ते प्रत्येक दारात चालत नाही. चिपळूणला पायरीवर तुमचा हात थांबला होता. मला सांगायला काय झालं होतं? "कधीकधी आपण नकोसे असतो रे," एवढं एक वाक्य गाडीत बोलला असतात तर घाट काही तुटला नसता.

तुम्ही गेलातही तसेच, न कळवता. महाडच्या स्टँडवर, गाडीत बसल्या बसल्या. मी नववीत. आणि चिपळूणच्या काकांचा फोन आला. मीच घेतला. त्यांनी विचारलं, "आईला विचार, आम्ही कधी आलेलं बरं पडेल?" ज्यांच्याकडे तुम्ही जन्मभर न विचारता गेलात ती सगळी माणसं आमच्याकडे वेळ घेऊन आली. आई प्रत्येकाला सांगायची, "या ना केव्हाही," आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायची.

आता मी मामाकडे झूटरमेरला आहे. कॉलेज नाही म्हणजे व्हिसा नाही. पुढच्या आठवड्यात पुणे. मामा रोज ऑफिसातून येऊन बूट काढता काढता तेच विचारतो, "ताईला मी काय सांगू, तूच सांग. मुलगा सांभाळायला दिला होता तिने." त्याची मुलगी डचमध्ये काहीतरी विचारते, मामी तिला मराठीत दटावते. जिच्यासाठी गेलो होतो ती सहा महिने संपवून हार्लेमला परत आलीय. सोमवारी तिचा फोन आला. रेनकोट आणि डबा तिच्याकडे आहे. "गुरुवारी अडीच ते साडेतीन मला जमेल. तुला?" मी "बघतो" म्हणालो आणि तिला ऐकू जावा म्हणून रिसीव्हरजवळ वर्तमानपत्राची पानं उलटली.

आज गुरुवार. मी ठरवलं होतं की जायचं नाही, आणि जात नाही हे कळवायचंही नाही. बसू दे तासभर दाराकडे बघत. न कळवता जाणं जमतं, तसं न कळवता न जाणंही जमतं मला. मामीला म्हटलं तसं, तर ती कणिक मळता मळता म्हणाली, "तुझा राग तुझ्यापाशी. माझा डबा आणून दे."

हे पत्र कुठे पाठवणार? पेटीत तळाशी जाईल, कपड्यांखाली. पण लिहायला बसलोय तर खरं लिहितो. शर्टाला इस्त्री केलीय. साडेबाराची गाडी बघून ठेवलीय. आणि सकाळी मामी आंघोळीला गेली तेव्हा मी हार्लेमला फोन केला आणि विचारलं, "अडीचला येऊ ना नक्की? चालेल ना?" अगदी चिपळूणच्या काकांच्या आवाजात. ती म्हणाली, "चालेल. विचारलंस ते बरं झालं." इतक्या प्रेमाने ती माझ्याशी कितीतरी महिन्यांत बोलली नव्हती, आणि तेव्हाच मला कळलं की आता मी तिचा कोणी नाही.

बाहेर पाऊस आहे, रेनकोट तिच्याकडे. मामी स्वयंपाकघरातून ओरडतेय, "कळवलंयस ना रे तिला?" कळवलंय, मामी. येतो. पेन टोपणात घालतो, उठतो, आणि दार ओढून घेतो.