भिंतीवरची खडूची रेघ

ता. २ ऑक्टोबर

चि. भावजींना अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा धरलाय म्हणता आणि पुढच्याच ओळीत शिडीवर चढून पंखा साफ केल्याचं लिहिता. साठी जवळ आली तरी तुमच्या नावापुढचं चि. मी काढत नाही, ते अशामुळेच.

एक काम आहे. तुम्ही चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग केलीत, म्हणून तुम्हालाच विचारते. रात्री गाडी चालवताना मला पुढचं दिसत नाही. म्हणजे अगदीच दिसत नाही असं नाही, पण जे दिसतं ते गाडीच्या नाकाशी आल्यावर दिसतं. हे होते तेव्हा अंधारात नेहमी तेच चालवायचे, मी दिवसापुरती. गेल्या हिवाळ्यात मी कुठे बाहेर पडतच नव्हते. वाचनालयातली शुक्रवारची बैठक मी या मार्चपासून धरली. उन्हाळाभर उजेडातच घरी पोचायचे. आता बैठक सुटते तेव्हा काळोख झालेला असतो, आणि वीस किलोमीटरचा रस्ता, त्यावर एक दिवा नाही. शेवटची बस सहाला जाते.

मागच्या महिन्यात लेक माझ्याबरोबर होती. पुलाच्या अलीकडे एक सायकलवाला अचानक समोर आला. अचानक माझ्या लेखी, तो बिचारा सरळच चालला होता. ब्रेक लागला, त्याला धक्काही लागला नाही. तो मला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही आणि त्याचं काही चुकलंही नाही. लेकीने दारावरची कडी घट्ट धरली होती, ती घरी येईपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आई, तुझे डोळे गेलेत, गाडीची किल्ली मला दे. मी ऑक्टोबरअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे म्हणाले, चष्म्याचा नंबर बरोबर आहे. पण ते दिवसा तपासतात, रात्री माझ्याशेजारी बसायला येत नाहीत. खरं सांगते, भीती गाडीची नाही. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं मी पुड्यांचे कागद वाचून शिकले. आता कुठे जाड पुस्तकं हातात यायला लागली. डोळे जाणार असतील तर किल्लीबरोबर तेही जाणार. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी बैठकीत मोठ्याने वाचायची पाळी माझी आहे.

इथला दुकानदार म्हणतो, पांढरेशुभ्र एलईडी बल्ब टाका, रात्रीचा दिवस होईल. टाकू का? गाडी मी झाडून पुसून ठेवते, काचाही स्वच्छ आहेत.

लोभ आहेच, उत्तराला उशीर करून तो तपासून पाहू नये.

तुमची वहिनी

---

ता. ८ ऑक्टोबर

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

दुकानदाराला माझा नमस्कार सांगा आणि पुढे चालू लागा. तुमच्या गाडीच्या दिव्याची वाटी साध्या बल्बसाठी घडवलेली आहे. तिच्यात एलईडी घातला की उजेड चहूकडे उधळतो, समोरचा आंधळा होतो आणि तुम्हाला वाटतं की वा, काय लखलखाट. तो शंभर वॅटचा बल्बही दाखवेल. तोही घेऊ नका, होल्डर वितळतो. अशा वितळलेल्या होल्डरांवर माझी दोन वर्षं गेली आहेत.

सोबत पार्सल पाठवतो आहे. वॅट तेवढेच, पण उजेड जरा जास्त देणारे चांगले बल्ब आहेत. जोडी आहे, दोन्ही एकदमच बदला. मागची रबरी टोपी काढायची, तीन पायांचा प्लग ओढायचा, तारेची क्लिप दाबून बाजूला करायची, बल्ब बाहेर. नवा बसवताना काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागतं, काच तिथेच तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्याने धरा. हे सगळं तुम्हाला जमेल. दादाला कधी जमलं नाही, तो वजनकाटे तपासण्यातला राजा आणि बल्बांतला ढ. त्याच्या गाडीतून जायचं म्हणजे मागचा खडखडाट ऐकत जायचं, एवढंच मला आठवतं.

पुतणीला सांगा, काका म्हणतात की खटला चालू आहे, निकाल लागला नाही.

लोभ आहे तसा असू द्यावा, वाढला तर परत घेणार नाही.

आपला,
भावजी

---

ता. १६ ऑक्टोबर

चि. भावजींना अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल मिळालं. मी चष्म्याच्या फडक्याने बल्ब धरला, शेजारचे शिंपीदादा टॉर्च घेऊन उभे होते. डावा पाच मिनिटांत बसला. उजव्याच्या आड बॅटरी येते, त्याला पाऊण तास लागला आणि मनगट सोललं. शिंपीदादा म्हणाले, यापेक्षा कोटाची बाही उलटी लावून परत उसवणं सोपं.

पण भावजी, काम झालं नाही. उलट बिघडलं. गाडीच्या पुढ्यात आता असा उजेड पडतो की खाली सुई सापडेल. आणि त्याच्या पलीकडे पूर्वीपेक्षा काळोख. जवळचं झगझगीत झाल्यामुळे लांबचं आणखीच बुडालं. अप्पर लावला तर थोडं बरं, पण समोरून कोणी ना कोणी येतच असतं, लगेच डिपर करावा लागतो. शुक्रवारी परत येताना मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले.

बल्ब चांगले आहेत, तुम्ही पाठवलेत म्हणजे असणारच. मग राहिलं काय? माझे डोळेच. लेकीला तसं कळवायचं ठरवलं आहे. बैठकीतल्या बाईंना माझी पाळी दुसऱ्या कोणाला द्यायला सांगेन. रडत वगैरे नाही. सकाळी दार लावताना, दाराला टेकवून ठेवलेल्या ह्यांच्या लोखंडी वजनाला नेहमीसारखी ठेच लागली, तेवढं एक निमित्त झालं, पाच मिनिटांत आवरलं.

तुमचे बल्ब वाया गेले, राग मानू नये. लोभाला मात्र झळ लागू देऊ नये.

तुमची वहिनी

---

ता. १८ ऑक्टोबर

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र तुम्हालाही आलंच असेल. मला तिने तीन ओळी लिहिल्या. किल्ली एकतीस तारखेला येऊन घेऊन जा म्हणते. मला वाटलं होतं भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

काका, मला तिची गाडी नको आहे. मला त्या सायकलवाल्याची स्वप्नं पडतात, आणि बाबांच्या मागे आता एकच माणूस उरलंय. पण ती शुक्रवारची बैठक गेली तर ती गेल्या हिवाळ्यासारखी पुन्हा घरात बसून राहील. बल्बांशिवाय तपासण्यासारखं काही राहिलं असेल तर तिला सांगा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. हे पत्र मी लिहिलं ते तिला कळवू नका.

माया आहे तशीच ठेवावी, काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी

---

ता. २२ ऑक्टोबर

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं. पुढ्यात झगझगीत आणि पलीकडे काळोख. वहिनी, डोळे गेले की दोन्हीकडे सारखाच अंधार होतो. दहा पावलांवर पिसू दिसावी आणि पंधराव्या पावलावर हत्ती दिसू नये, असा मोतीबिंदू मी ऐकलेला नाही. उजेड कमी नाही, तो खाली पडतो आहे. हे मला पहिल्याच पत्राला कळायला हवं होतं. चाळीस वर्षांचा कारागीर आणि आधी बल्ब पाठवून मोकळा झाला. माझी लाज तुमच्यापाशीच ठेवा.

आता असं करा. सपाट जमीन आणि सरळ भिंत शोधा. गाडी भिंतीसमोर सरळ, बरोबर दहा मीटरवर उभी करा. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूने आडवी रेघ मारा. तिन्हीसांजेला डिपर लावा. उजेडाची वरची कड रेघेच्या चार-पाच बोटं खाली हवी. तुमच्या वजनाएवढं काहीतरी सीटवर ठेवायचं, कारण चालवताना गाडी रिकामी नसते. तुमचं वजन मी विचारत नाही, मला अजून तुमच्या हातचं जेवायचं आहे.

कड फार खाली असेल तर दिव्याच्या मागे एक स्क्रू आहे. कोणत्या बाजूला फिरवायचा ते भिंतीकडे बघून ठरवा.

भिंतीपुढे उभं राहिल्याशिवाय किल्ली कोणाला द्यायची नाही. लोभ करता ना, मग एवढं ऐकावं.

आपला,
भावजी

---

ता. ८ नोव्हेंबर

चि. भावजींना अनेक आशीर्वाद. वि. वि.

उशीर झाला, कारण अर्धवट बातमी कळवायची नव्हती.

दोन गल्ल्या पलीकडे गोदाम आहे, त्याची मागची भिंत कोरी आहे. शिंपीदादांच्या टेपने दहा मीटर मोजले, ते म्हणाले एवढ्या लांबीचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं. पहिल्या संध्याकाळी उजेडाची कड रेघेच्या दोन विती खाली पडली. सीटवर ठेवायला मात्र काही नेलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तसंच करायचं म्हणून दुसऱ्या दिवशी परत जायचं ठरवलं.

घरात वजन म्हणाल तर ह्यांचीच. दुकानोदुकानी काटे तपासायला न्यायचे ती वीस-वीस किलोची आठ. हे गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी ती डिकीतून काढवून पडवीत ठेवली होती, एक दाराला लावलं होतं. मला तीनच हवी होती. पण शिंपीदादांनी आठही उचलून डिकीत भरली, कमी पडली तर परत कोण येणार म्हणून.

गोदामाशी गेलो, डिपर लावला. कड रेघेच्या बरोबर चार बोटं खाली. मला वाटलं गाडी चुकीची उभी राहिली. परत मोजलं, दहाच मीटर. मग शिंपीदादांनी डिकीतलं एकेक वजन उचलायला सुरुवात केली आणि मी भिंतीशी खडू घेऊन उभी होते. एक वजन निघालं की उजेड दोन-तीन बोटं खाली. दुसरं निघालं, आणखी खाली. तीन सीटवर आणि पाच जमिनीवर गेली तेव्हा कड कालच्या जागी, दोन विती खाली.

भावजी, ह्यांनी दिवे त्या वजनांच्या हिशोबाने लावले होते. मागे आठ वजनं म्हणजे गाडीचं नाक वर, उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणून स्क्रू फिरवून तो खाली आणला होता. तुम्ही ह्यांना बल्बांतले ढ म्हणालात, ते मागे घ्या. मागचा खडखडाट तुम्ही इतकी वर्षं ऐकलात आणि तो कशाचा ते तुम्हालाही आठवलं नाही. मी तर डिकी माझ्याच हाताने रिकामी केली आणि दीड वर्ष त्या वजनाला ठेचा खात डोळ्यांना दोष देत राहिले.

शिंपीदादा म्हणाले, वजनं डिकीतच राहू द्या, स्क्रूला हात लावायची गरजच नाही. मला ते पटलं होतं. ह्यांनी लावलेलं आहे तसं राहील, असं वाटलं. मी डिकीपाशीच थांबले, तर शिंपीदादा टेप गुंडाळत लांब जाऊन उभे राहिले. पण काटे आता कोण तपासणार? मी वाचनालयात जाते, माझ्याबरोबर दोन पुस्तकं असतात. दोन पुस्तकांसाठी आठ वजनं ओढायची म्हणजे गाडीचे हाल आणि टायरांचेही.

तीन वजनं सीटवर ठेवून स्क्रू मी फिरवला. उजवीकडचे सात फेरे, डावीकडचे साडेसात. पहिला फेरा कडक गेला, नंतर सोपं गेलं. कड चार बोटांवर आणली आणि हात पुसले. सीटवरच्या तीन वजनांवरून माझं वजन मात्र शिंपीदादांना कळलं.

लेक एकतीस तारखेला आली. तिला वादावादी न करता भिंतीपुढे नेलं, डिकी उघडून सगळं दाखवलं. ती म्हणाली, भिंत ठीक आहे, मी रस्त्यावर बसून बघेन. म्हणून थांबली आणि पहिल्या शुक्रवारी बरोबर आली. ह्यांचं काम आता करणारा नवीन काटेवाला तीनदा वजनं मागून गेला होता, मी काहीतरी कारण सांगून परत पाठवायची. त्याला सात दिली. आठवं दाराला आहे, सातांतच भागव म्हटलं.

माझी पाळी झाली. वाचताना दोनदा अडले, ते डोळ्यांमुळे नाही, शब्दच तसले होते. येताना लेकीने बसल्या बसल्या दारावरची कडी धरली. मी चौथ्या गिअरमध्ये चालवत राहिले. रस्ता लांबवर दिसत होता, कडेचे दगड, झाडांचे बुंधे, एक सायकलवाला अगदी दुरून. वळणावर एक पाटी आहे, आजवर मला ती नुसता पांढरा चौकोन दिसायची. या वेळी अक्षरं दिसली, पुढे अरुंद पूल आहे. तिला दाखवायला वळले, तर कडी केव्हाच सुटली होती आणि मान खिडकीला टेकवून ती गाढ झोपली होती. म्हणून पाटी मी माझ्यापुरती वाचली.

किल्ली खिळ्यावर आहे. गुडघा बरा झाला की या, स्टेशनवर घ्यायला मी येईन, गाडी रात्रीची असली तरी चालेल. लोभ ठेवला आहेत तो पोचतो आहे, तसाच पाठवत राहावा.

तुमची वहिनी