चिमटा कुणाकडे आहे?

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की काहीतरी काम निघायचं, आणि नाही निघालं तर मीच काढायचे. तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचायचं राहिलं तरी निदान सशाचं भलं होईल. नाही, तुमच्याकडे आल्यावर हवालदाराला अंगणात एकट्याला मोकळं सोडायचं नाही. तुझी लेक म्हणते तसं कुंपण उंच असलं तरी नाही. ससा वरून जातच नाही, तो खालून उकरतो. तुमच्या नळाजवळची माती भुसभुशीत आहे, तिथून तो अर्ध्या तासात शेजाऱ्यांकडे पोचेल. शिवाय मांजरं आहेत, घारी आहेत, आणि पलीकडच्या गवतावर कुणी काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. जनावरांच्या डॉक्टर बाई तर म्हणाल्या, कुत्रं जवळ येऊन नुसतं भुंकलं तरी एखादा ससा भीतीनेच जातो. आपला हवालदार पाय आपटून सगळ्या घराला दम देतो खरा, पण काळीज सशाचंच.

पण म्हणून कोंडूनही ठेवू नका. रोज दोन तास त्याला बाहेर काढायचं, सोबत माणूस हवं, आणि त्या माणसाने तेवढा वेळ दुसरं काही करायचं नाही. आईचं म्हणणं तुला माहीत आहे. कोंडूनच ठेवायचा तर ससा कशाला, उशी आणावी. पायरीवर येऊन बसली की ती हे शेजारपाजाऱ्यांनाही ऐकवायची, त्यांनी विचारलेलं नसताना.

आता चिमट्याचं. तुझ्या लेकीला ही पद्धत नीट शिकव, हसण्यावारी नेऊ देऊ नकोस. आपला पहिला पांढरा ससा गेला तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी सहाची. मला वाटलं तू बघतोयस, तुला वाटलं मी बघतेय, आणि बघत होतं ते मांजर. बाबा रागावले नाहीत. त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांचा लाल चिमटा काढला आणि म्हणाले, यापुढे हा ज्याच्या कॉलरला, तो पहाऱ्यावर. देताना आपल्या हाताने दुसऱ्याला लावायचा, आणि तो ‘आला माझ्याकडे’ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. तू एकदा चिमट्यासकट शाळेत गेला होतास, आठवतं? आई मधल्या सुट्टीत तिथवर चालत आली. सगळ्या वर्गासमोर तुझ्या कॉलरचा चिमटा काढून तिने स्वतःच्या स्वेटरच्या कॉलरला लावला, ‘आला माझ्याकडे’ म्हणाली आणि परत गेली. ससा तेव्हा पिंजऱ्यातच होता. पण नियम म्हणजे नियम. तू नंतर दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हतास.

माझं ठीक चाललंय. जेवते, झोपते, आईची खोली झाडते. टेबलावर नेहमीसारखे लोकांचे जबडे मांडलेले आहेत. या आठवड्यात दोन पूर्ण कवळ्या गेल्या, एक दुरुस्तीला आली. तू विचारतोस रडलीस का, तर नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय. गाल आपलाच आहे हे बोटाने चाचपून बघावं लागतं. परवा आईची पट्ट्यापट्ट्यांची चादर धुतली, पिळली, दोरीवर टाकली, आणि मला काहीच वाटलं नाही. आपण अशा कशा, एवढं मात्र वाटलं.

शेवटच्या वर्षात आई मला कधी मुलगी समजायची, कधी तिची बहीण, एकदा तर दातांचं माप घ्यायला आलेली कुणी बाई समजून तिने मला आ करून दाखवला. आम्ही दोघी खूप हसलो. फाटकाची कडी तिला उघडता येईनाशी झाली होती, म्हणून मी निर्धास्त असायचे. पण हवालदाराला ती कधी विसरली नाही. तो मांडीवर असला की तिचे हात पूर्वीसारखे चालायचे. हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच म्हणाला असतास की मग आई सुधारतेय. तसं काही नव्हतं.

तू पत्रात लिहिलंस, आईला कसलंच भान उरलं नव्हतं, ती वाट फुटेल तिकडे निघाली, तू स्वतःला दोष देऊ नकोस. माझ्यासाठी लिहिलंस, कळतं मला. सगळे असंच म्हणतात, कारण मीच सगळ्यांना तसं सांगितलं. आई खोलीत झोपली होती, ससा पिंजऱ्यात होता, मी कामात होते, ती कधी उठून गेली कळलं नाही, असं. त्यातलं मी कामात होते एवढंच खरं आहे.

त्या दिवशी सकाळी मी हवालदाराला बाहेर काढलं होतं. आई पायरीवर उन्हात बसली होती. चिमटा माझ्या कॉलरला होता. एका निवृत्त बस कंडक्टरांची तुटलेली कवळी सकाळीच दुरुस्तीला आली होती आणि ते ती दुपारी न्यायला येणार होते, म्हणून मी मधूनच आत जाऊन प्लास्टर कालवलं. प्लास्टर कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही, तुला माहीत आहे. तेवढ्यात ससा कुंपणाकडे निघालेला खिडकीतून दिसला. मी धावत बाहेर आले, चिमटा काढून आईच्या स्वेटरच्या बाहीला अडकवला, ‘आई, दहा मिनिटं’ म्हणाले. तिने चिमट्याकडे बघितलं, हसली. बोलली काहीच नाही. आणि मी आत गेले, दादा. ती बोलली नाही हे कळत असून गेले. दहा मिनिटांची पंचवीस झाली, कारण ओतून झाल्यावर कडा साफ करत बसले. बाहेर आले तर पायरी रिकामी. आई न्हाणीघरात असेल असं धरून मी आधी ससा शोधला. दाण्यांचा डबा वाजवला, तर हा पायरीखालूनच निघाला. माझ्या जिवात जीव आला. त्याला पिंजऱ्यात ठेवलं, पाणी दिलं. मग फाटक उघडं दिसलं, कडी काढलेली.

कोपऱ्यावर गाडीने धक्का दिला हे तुला माहीत आहे. लाँड्रीवाल्या बाई मला नंतर जे म्हणाल्या ते माहीत नाही. त्यांनी आईला जाताना बघितलं होतं. ती उभ्या केलेल्या प्रत्येक गाडीखाली वाकून बघत होती. बाईंना वाटलं, काहीतरी पडलंय. आणि दवाखान्यातून तिच्या कपड्यांची पिशवी मिळाली ती मी परवापर्यंत उघडली नव्हती. तुझ्या पत्रातलं ते ‘भान उरलं नव्हतं’ पुन्हा वाचल्यावर उघडली. स्वेटर वरच होता. चिमटा बाहीला नव्हता. तो कॉलरला होता, नीट, मधोमध.

रविवारी तुझा मेहुणा गाडी घेऊन येतोय, त्याच्यासोबत हवालदाराला पाठवते. चिमटा मात्र या पाकिटात घातलाय, कारण तो सशाच्या आधी पोचायला हवा. मला माफ कर असं लिहून दोनदा खोडलं, ते तुझं तू ठरव. पण आई भरकटली नव्हती, एवढं सगळ्यांना सांग, मला अजून तोंडाने सांगता येत नाही. ती पहाऱ्यावर होती. माझ्या हाताने तुझ्या कॉलरला लावता येत नाही, तर तुझा तूच लाव, आणि ते दोन शब्द मला लिहून पाठव. तोवर मी इथेच पायरीवर आहे.

तुझीच,
धाकटी