घरून एक भाजी आणा

बाहुबली (कुंभोज),
१४ जुलै २०२५

चि. सौ. ऐश्वर्यास,
जय जिनेंद्र व अनेक आशीर्वाद. वि. वि.

चातुर्मासात मोबाईल बंद ठेवायचा नियम घेतला आणि कान शांत झाले. तोंड मात्र शांत नाही, म्हणून हे पत्र. सूनबाई, तुझ्या बालवाडीच्या बातम्या इथेही पोचतात. दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकू सांगत होत्या, तू मूग आणि चवळी एकत्र करतेस आणि तीन-चार वर्षांची पोरं ती पुन्हा वेगळी करतात. मी जन्मभर धान्य निवडलं, त्याला शिक्षण म्हणतात हे आत्ता कळलं. तुझे सासरे पोरांना पाणी ओतायला शिकवतात म्हणे! घरात त्यांनी कधी स्वतःचा तांब्या उचलला नाही.

जाताना बोलले ते लक्षात ठेव. घराचा पुढचा सोपा, ती ओसरीची खोली, शाळेसाठी दिवाळीपर्यंत तुझी. आल्यावर घर होतं तसं दिसलं तर शाळा पुढे चालू. कांदा, बटाटा, कुठलंही कंदमूळ उंबऱ्याच्या आत आलं असेल, तर शाळा बंद.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.
अक्काताई

कोल्हापूर,
२२ जुलै

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

नऊ मुलं येतात. पीठ मळतात, फडकी पिळतात, बाटल्यांना टोपणं लावतात. नातीला सोडायला येणाऱ्या तानाबाई रोज विचारतात, पोरगी लिवणार कवा. आधी बोटांत बळ येऊ दे, असं मी सांगते. त्यांना ते अजून पटलेलं नाही. त्यांची नात प्रियदर्शनी तीन आठवडे आजीचा पदर सोडत नव्हती, कशालाच हात लावत नव्हती. परवा तिने भाजीचे ठसे उमटवले! तिचा कागद सोबत पाठवतेय.

अण्णा तांब्या उचलतात, शिवाय पुसूनही ठेवतात. तुम्ही आल्यावर हे टिकेल याची खात्री देत नाही. घर होतं तसंच आहे.

तुमचा लोभ असू द्यावा.
ऐश्वर्या

बाहुबली,
२८ जुलै

चि. सौ. ऐश्वर्यास,
अनेक आशीर्वाद.

कागद पाहिला. निळ्या चांदण्या छान आहेत. आता जरा ऐक. भेंडीच्या ठशाला पाकळ्या येतात. दोडक्याला कंगोरे असतात. ढबू मिरची आतून पोकळ, काकडीत बिया. ही चांदणी काठापासून मध्यापर्यंत भरीव आहे, बी नाही की भोक नाही. बेचाळीस वर्षं भाज्या चिरल्या मी, आणि तू मला फसवायला निघालीस व्हय?

कशाचा ठसा आहे, ते स्वतः लिही. तुझ्या सासऱ्यांना विचारणार नाही, ते तुझ्याच बाजूचे.

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.
अक्काताई

कोल्हापूर,
१ ऑगस्ट

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

बटाटाच आहे. मी मुलांना सांगितलं होतं, घरून एक भाजी आणा. बटाटा माझ्या डोक्यातच आला नाही. माहेरी कधी नव्हता, सासरीही नाही, येणार कुठून? तानाबाईंनी सुरीने चांदणी कोरून दिली होती. प्रियदर्शनी ती दोन्ही हातांत धरून उंबऱ्याशी उभी राहिली. मी काढून घ्यायला हात पुढे केला, तशी तिने पुन्हा आजीचा पदर धरला.

मग मी सगळी शाळाच बाहेर कट्ट्यावर नेली. उंबऱ्याच्या आत बटाटा आलेला नाही, अण्णा साक्षीला आहेत. ती रोज नवी चांदणी आणते, म्हणून आम्ही अजून बाहेरच बसतो. झड आली की कागद भिजतात, पाऊस वाढला तर सुट्टी द्यावी लागते.

तुमच्यापासून लपवलं, कारण सोपा जाईल अशी भीती वाटली. लग्नानंतर पहिल्यांदाच मला माझं म्हणावं असं काम मिळालंय, आई. ते जाऊ नये असं फार वाटतं. रागवा, पण उत्तर लवकर द्या.

तुमची,
ऐश्वर्या

बाहुबली,
६ ऑगस्ट

चि. सौ. ऐश्वर्यास,
अनेक आशीर्वाद.

राग आला. बटाट्याचा नव्हे, लपवलंस त्याचा. पत्र दोनदा वाचल्यावर तो उतरला. लेकराच्या हातातलं काढलं नाहीस, माझा नियम मोडला नाहीस, आणि स्वतः पावसात बसलीस. एवढं शहाणपण तुला या घरात कोणी शिकवलं? तुझ्या सासऱ्यांनी तर नक्कीच नाही.

तर आता आठ पोरांना आजच्या आज सोप्यात घे. दिवाळीची वाट बघू नकोस, सोपा तुझा. प्रियदर्शनीला मात्र आत ये म्हणून ओढू नकोस. कट्ट्यावर तिच्यासाठी पाट मांड आणि झड अडवायला ताडपत्री बांध. तांब्या पुसणारे हात रिकामेच आहेत, त्यांना सांग. तुला दोन्हीकडे लक्ष ठेवताना ओढाताण होईल, ती माझा चातुर्मास संपेपर्यंतच.

लोभ होता त्याहून थोडा जास्त आहे. मी आले की त्या पोरीच्या शेजारी कट्ट्यावर मी बसेन. बटाट्याला हात लावणार नाही. रंग मात्र मीच कालवून देईन.
अक्काताई