डाव्या मैदानातली घरं

पुंता सालादा,
१९ डिसेंबर १९७१

ती. फिदेन्सियोदादास,
उबाल्दिनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मुलांचे लोकरी मोजे पोचले. इथे मोजे घालण्याइतकी थंडी कधी पडत नाही हे तू विसरलास की काय? धाकटीने ते हातात घालून बाहुल्या केल्यात.

आम्ही अजून बेसबॉलच्या स्टेडियममध्येच आहोत. सप्टेंबरच्या वादळात किनाऱ्याची आमची आळी गेली, तेव्हापासून इथे आहोत. त्याच वादळाने डाव्या मैदानामागची भिंतही पाडली. भिंत होती तिथे आणि थोड्या पुढे मैदानातही आता आमच्या पत्र्याच्या खोल्या, चुली आणि कपड्यांच्या दोऱ्या. माझं शिवणयंत्र वाचलं, त्यामुळे चाललंय. शेजारच्या रेमिखियाचे दिवस भरत आलेत. तिला रोज उकडून कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांचं मांगू लागतं, आणि ते माझ्याच हातचं लागतं.

आपला संघ या हंगामात घरचे सामने राजधानीत उसन्या मैदानावर खेळतोय. आपला धाकटा भाऊ तुलियो तिथेच असतो. पत्र लिहीत नाही, पण चेंडू मात्र असा मारतो की रेडिओवाल्याचा आवाज बसतो. आपला मिठागरवाल्यांचा संघ अंतिम फेरी गाठणार असं सगळे म्हणतात. काल एर्मोखेनेस शेठ स्वतः येऊन गेले. संघ त्यांचा, मैदानही त्यांचं. म्हणाले, अंतिम सामने आपल्याच गावात व्हायला हवेत, तेव्हा तुम्ही आठवडाभर मिठाच्या गोदामात जा, ट्रक मी पाठवतो. आठवडा संपल्यावर परत येऊ द्याल का, असं मी विचारलं. त्यावर ते मुलांची चौकशी करू लागले. दादा, तूच सांग आता काय करायचं.

तुझा लोभ आहेच. न्यूयॉर्कच्या बर्फात तो गोठू देऊ नकोस.

तुझी,
उबाल्दिना

*

न्यूयॉर्क,
३० डिसेंबर १९७१

चि. उबाल्दिनास अनेक आशीर्वाद.

मोज्यांच्या बाहुल्या झाल्या हे वाचून तुझ्या वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ते तिनेच विणले होते. पुढच्या पत्रात तिची समजूत काढ.

आता मुद्द्याचं. विचारलंस म्हणून सांगतो: गोदामात जा. रागावू नकोस. अठ्ठावन्न साली आपण जिंकलो तेव्हा तू मिठागरातल्या बायकांबरोबर फाटकाबाहेर नाचत होतीस. त्या दिवशी मी मारलेला फटका आठवून इथला आपल्या गावचा न्हावी आजही माझ्याकडून पैसे घेत नाही. त्यानंतर गावाला काय मिळालं? मिठाचा भाव पडला आणि वादळ आलं. लोकांना एक विजय हवाय. शिवाय अमेरिकेतल्या एका क्लबचा माणूस तुलियोला बघायला येणार आहे असं कानावर आलंय. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांपुढे त्याचा खेळ खुलेल. आठवडाभर अडचण सोसली तर काय बिघडलं? शेठ परतू देणार नाहीत असं तुला वाटतं, पण तू लहानपणापासूनच संशयी. मी तुझ्या पेरूला हात लावला नसतानाही तू पेरू मोजायचीस.

मुलांना गोड पापा. सगळ्यांवर अशीच माया राहू दे, आणि थोडी माझ्यावरही.

तुझा,
फिदेन्सियो

*

पुंता सालादा,
१४ जानेवारी १९७२

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला सगळ्या बायकांना वाचून दाखवला. पेरूचा भागही वाचला. रेमिखिया म्हणाली, तुझ्या भावाला सांग, आपल्या घरात बसून दुसऱ्याला गोदामात पाठवणं सोपं असतं. तिला मुलगा झालाय. गोदाम बघायला आम्ही तिघी गेलो होतो. छप्पर अर्धंच आहे, आणि पाणी नाही. त्याच दिवशी शेठच्या मुकादमाने स्टेडियमच्या मागच्या फाटकाला नवी साखळी आणून ठेवली. मी संशयी आहे खरी, पण साखळी मी नाही आणली.

मग तुलियो आला. सोमवारी बसमधून उतरून थेट माझ्याकडे जेवायला. खारवलेला मासा खाल्ला आणि शेठकडे गेला. त्यांना म्हणाला, या लोकांना हलवलंत तर मी खेळणार नाही. शेठ म्हणाले, तुझ्या जागी खेळायला पन्नास पोरं उभी आहेत. तो म्हणाला, मग त्यांना खेळवा. दुसऱ्या दिवशी संघातले निम्मे खेळाडू त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तेव्हा शेठ नरमले.

आता असं ठरलंय. आम्ही राहायचं. सामन्याच्या वेळी चुली विझवायच्या आणि मुलं आत ठेवायची. मागे भिंत नाही, म्हणून चेंडू उडत येऊन आमच्या खोल्यांत पडला तर तो होम रन धरून सगळ्यांना धाव पुरी करू द्यायची नाही, प्रत्येकाला दोनच बेस द्यायचे. ही अट अंतिम फेरीत आपल्याविरुद्ध खेळणाऱ्या राजधानीच्या संघाने घातली. त्यांचं म्हणणं, पत्र्यांची रांग भिंतीपेक्षा जवळ आहे, आणि तिथवर चेंडू मारायची सवय फक्त तुलियोला आहे. दोन्ही कर्णधारांनी आणि पंचांनी ती तोंडी मान्य केली. तुलियो तिथेच होता. त्यानेही मान हलवली.

तू चिडला असशील. चीड, पण पत्र लिही. वहिनीला सांग, मोजे फार ऊबदार आहेत, बाहुल्यांनी तक्रार केली नाही.

तुझी,
उबाल्दिना

*

पुंता सालादा,
२ फेब्रुवारी १९७२

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आपण हरलो हे तुला आधीच कळलं असेल. कसे हरलो ते नीट सांगते, कारण तिकडे भलतंसलतं पोचलं असेल.

दोन्ही संघांनी सारखेच सामने जिंकले होते आणि हा शेवटचा होता. इतकी माणसं की आमच्या पत्र्यांवरही चढली होती. मी शिवणयंत्राला पाठ लावून दारात बसले होते. शेवटच्या डावात त्यांच्या चार धावा, आपल्या तीन. आपले दोघे बाद, एक गडी पहिल्या बेसवर, आणि फलंदाजीला तुलियो. त्याने मारलेला चेंडू आवाजावरूनच कळला. तो आमच्यावरून गेला आणि रेमिखियाच्या ताडपत्रीतून आत पडला. बाळ खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होतं. कुणाला लागलं नाही. जुनी भिंत असती तरी तो तिच्याही पलीकडे गेला असता. ते सगळ्यांनी पाहिलं, त्यांच्या खेळाडूंनीसुद्धा.

लोक मैदानात उतरले. आपण जिंकलो म्हणून कुणी कुणाला खांद्यावर घेतलं. पंचांनी दोन बोटं वर केली आणि आरडाओरडा सुरू झाला. शेठ धावत गेले आणि म्हणाले, असा नियम कुठे लिहिलाय, दाखवा. आपला कर्णधार बुटांकडे बघत राहिला. पंच म्हातारा माणूस, घामाने निथळत होता. तो लोकांकडे बघे, मग शेठकडे. मला वाटलं, आता हात फिरवून होम रन देणार, म्हणजे दोन धावा आणि आपला विजय. तेवढ्यात तुलियो मधूनच परत फिरला, दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांसमोर पंचांना म्हणाला, ठरलं होतं, दोन बेस.

पुढे धावणाऱ्याला तिसऱ्या बेसवर परत बोलावलं. नंतरचा फलंदाज लगेच बाद झाला. संपलं.

लोक त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. आपल्या मावसभावाने त्याच्या अंगावर बाटली फेकली. अमेरिकेचा माणूस कधी निघून गेला ते कुणाला दिसलं नाही. शेठनी दुसऱ्या दिवशी तुलियोला संघातून काढलं. मी त्याला म्हटलं, एक शब्द बोलला नसतास तर जिंकला असतास. तो म्हणाला, आणि मग पुढल्या वर्षी तुझ्या घराचं ठरलेलं मी कुठल्या तोंडाने पाळायला सांगितलं असतं? मग तो झोपला. मला झोप आली नाही.

तू सांगितल्याप्रमाणे आम्ही गोदामात गेलो असतो, तर आज गावात मिरवणूक असती. हे माझ्याही मनात येतं. तुझ्या मनात काय येतं, ते खरं लिही.

तुझी,
उबाल्दिना

*

न्यूयॉर्क,
६ मे १९७२

चि. उबाल्दिनास अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर केला. पहिल्यांदा लिहिलेलं फाडून टाकलं, कारण त्यात सगळा रागच होता. मध्यंतरीच्या पत्रात तू विटांच्या खोल्या मिळाल्याचं कळवलंस. सामन्याच्या दिवशीची तुमच्या खोल्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली नसती तर सरकार हललं नसतं, असं रेमिखिया म्हणते. असेल. मला राजकारण कळत नाही. तुलियो तुमच्या भिंतींना गिलावा करतोय हे वाचून हसू आलं. त्याला घरची भिंत कधी सरळ रंगवता आली नव्हती.

मागल्या आठवड्यात शेठचा फोन आला होता. स्टेडियमची नवी भिंत बांधून झालीय. संघाचे संस्मरणीय क्षण तिच्यावर रंगवणार आहेत, आणि पहिलं चित्र माझ्या अठ्ठावन्नच्या फटक्याचं. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी तुझ्या वहिनीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. मग मी त्यांना विचारलं, तुलियोचं चित्र कुठे येणार? ते म्हणाले, तो सामना आपण हरलो, हरलेलं कुणी रंगवतं का? मी म्हटलं, त्याचं नसेल तर माझंही नको. त्यांना वाटलं मी भाव खातोय. दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं.

न्हावी म्हणतो मी मूर्ख आहे. त्याने या वेळी पैसे घेतले.

हे तुलियोला सांगू नकोस, तो उगाच भांडायला पत्र लिहील. त्याला फक्त एवढं सांग, की त्या फटक्याबद्दल मी इथे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, होम रन. मी एकटाच म्हणालो, दोन बेस.

आहात तसेच एकमेकांना धरून राहा, आणि या म्हाताऱ्याला जेवताना आठवत जा.

तुझा दादा,
फिदेन्सियो