मंजुगतीचे पाय

३ ऑक्टोबर १९५७, दसरा. काशीद
घोडीची पूजा केली. मंजुगती हे नाव माझं. बारा वर्षं माझा टांगा हाकणारा काळूराम तिला मंजी म्हणतो — व्याकरण माझं, घोडी त्याचं ऐकते! घमेलंभर भिजवलेले हरभरे स्वतः भरवले, वर गूळ. काळूराम ओरडला, "आण्णा, बास की! घोडी हाय ती, भटजी न्हाय!" आणखी चार ओंजळी घातल्या. सणाच्या दिवशी अर्धपोटी ठेवायचं?

५ ऑक्टोबर
मंजुगती चालेना. पुढचे पाय ताणून, सगळा भार मागं टाकून उभी. खूर तव्यासारखे तापलेले. अश्ववैद्यकाची पोथी काढली. श्लोक सुरेख. बारा औषधं, अकरा हिमालयात मिळतात.

६ ऑक्टोबर
मासळीवाली ठमी दारात. "काळूराम पहाटं घोडी घेऊन दर्याकडं जातो. तुमाला ठावं हाय ना?" ठाऊक नव्हतं! तबेल्यात जाऊन पाहिलं — घोडीच्या पायांवर सुकलेलं मीठ. म्हणजे होडीनं उतरणाऱ्या माणसांची भाडी माझ्या टांग्यातून चोरून मारतो. म्हणून पाय गेले! बारा वर्षं ह्या माणसाला घरचा समजलो.

७ ऑक्टोबर
विचारलं. खाली मान. एवढंच म्हणाला, "दसऱ्याला मी सांगत व्हतो, आण्णा." विषय बदलण्यात पटाईत! उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. चाबूक खुंटीला लावला, घोडीच्या मानेवरून हात फिरवला, गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मध्यरात्र उलटली, डोळा लागत नाही. विश्वासघात ह्या शब्दाची फोड पाठ होती, अर्थ आज कळला.

८ ऑक्टोबर
अलिबागहून गुरांचे डॉक्टर आले. "खुराच्या आतलं मांस सुजतं, पण खूर काही फुगत नाही. लहान जोड्यात सुजलेला पाय — तशी कळ. हे दौडीनं नव्हे, दाण्यानं झालंय. पहिल्या दिवसापासून पाय थंड पाण्यात ठेवले असतील तर वाचेल. नाहीतर गोळी घालावी लागेल."
मग विचारलं, "एवढा दाणा घातला कोणी?"
"गाडीवानानं," मी म्हणालो.
जीभ अडखळलीसुद्धा नाही.

९ ऑक्टोबर
पहाटे दावं सोडलं. मंजी लंगडत, थांबत, आपणहून समुद्रावर गेली. गुडघाभर पाण्यात, रोजचीच असावी अशी नेमकी जागा धरून उभी राहिली. मग मान वळवून बघत राहिली — माझ्याकडे नाही, काळूरामच्या वाटेकडे.