फिल्म उचलताना

४ ऑगस्ट
महाप्याच्या लॅबमध्ये आज रुजू झाले. काम ऐकून धनेशनं नवरेपणाला जागून काळजी केली, सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र भारी आवडलं. थोरियमसारख्या किरणोत्सारी धातूची फिल्म बनवायची, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. शास्त्रज्ञ तिच्यावर कणांचा मारा करणार आणि तिनं तो न फाटता सोसायचा. तयार फिल्म पाण्यावर तरंगत सोडतात, मग खालून चौकट घालून अलगद उचलतात. मास्क असतोच, तरी उचलताना श्वास रोखायचा. मी खाडीकाठची, पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा मारत वाढले. आपल्याला काय अवघड आहे?

८ ऑगस्ट
गर्वाचं घर खाली. सगळ्या फिल्म फाटल्या. मला शिकवणारे जयदेव सर म्हणाले, हात चांगला आहे, श्वास लवकर सोडतेस. संध्याकाळी एक जमली. त्या आनंदात घरी लेकीला, चिऊला, खेळ शिकवला: दुधावरची साय बांगडीनं उचलायची, श्वास रोखून. सहा वर्षांची पोर, पण माझ्याहून हुशार निघाली.

२० ऑगस्ट
माझ्या फिल्म आता फाटतच नाहीत. शास्त्रज्ञ खूश आहेत. आज एक गोष्ट दिसली. सगळ्यांचा मास्क आत-बाहेर होतो, सरांचा हलत नाही. गमतीनं विचारलं, समाधी लागलीय की काय? ते म्हणाले, सवय झाली की श्वास घ्यावाच लागत नाही, बोलण्यापुरता घेतो. पुढे तोही जमत नाही. मी हसले. मग काचेत माझा मास्क पाहिला.

२५ ऑगस्ट
डॉक्टरांना अंगात किरणोत्सार सापडला नाही. ठणठणीत आहात, म्हणाले. पण श्वास मुद्दाम घ्यावा लागतो. विसरले की थांबतो, आणि गुदमरतही नाही. मला फार भीती वाटतेय.
सर आज बोललेच नाहीत. फळ्यावर लिहून विचारलं, घरी कुणाला शिकवलंस?

२५ ऑगस्ट, संध्याकाळ
धावत घरी आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "पोरगी खेलता खेलता निजली, पन छाती हालत नाय गो."
चिऊनं डोळे उघडले. हसली, आवाजाशिवाय. चिमटा काढला, रड म्हटलं. तोंड उघडलं नुसतं. मी जेमतेम म्हणाले, श्वास घे बाळा— आणि माझाही—

२५, थोड्या वेळानं
सासूबाई धनेशला आणायला गेल्यात. चिऊ गार पडतेय. तिला श्वास द्यायला हवा, माझ्याकडे उरलेला नाही. हाक मारायलाही तो लागतो, म्हणून लिहितेय. धनेश, तुझा चालू आहे. तिच्या तोंडात फुंक. घाबरून थांबू नकोस—

आला. तिच्यावर वाकलाय, श्वास रोखून. वही पुढे करतेय, बघतच नाही— धनेश, रोखू नकोस— श्वास रो—